ओस पडलेल्या वॉर्डांचे फोटो



 आजचा विषय फोटोंचा आहे आणि समोर पडदा लावलेला नाही. मी तसं मुद्दाम सांगितलं होतं. पडक्या इमारतींचे फोटो फार लवकर आवडतात. एक येतो, सभागृहातून दाद येते. दुसरा येतो, तिसरा येतो. आणि अर्ध्या तासानंतर आपण नेमकं काय पाहिलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आज मी मोजकेच फोटो सांगणार आहे, आणि तोंडी सांगणार आहे. ऐकता ऐकता ते तुम्ही मनात उभे करा. वेळ आहे आपल्याकडे.

या जातीचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. बंद पडलेल्या इस्पितळाचा लांबलचक बोळ. भिंतींवरून रंगाचे पोपडे सुटून लोंबताहेत. फुटक्या तावदानांतून तिरपं ऊन आत आलंय. आणि मधोमध एक चाकाची खुर्ची. अमेरिकेत, जर्मनीत, जपानमध्ये, युक्रेनमध्ये असे हजारो फोटो काढले गेले आहेत. ते काढणारी माणसं ट्रायपॉड, टॉर्च आणि तोंडाला मास्क घेऊन अशा इमारतींत शिरतात. जुन्या छतांत ॲस्बेस्टॉस असतं, रंगांत शिसं असतं, पायाखालची फळी कधी तुटेल याचा नेम नसतो. तरी जातात. त्यांना नावं ठेवायला मी इथे उभा नाही. रिकाम्या वॉर्डातला तो उजेड, ती शांतता मलाही खेचते. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या फोटोत माणूस नाही. का नाही? तो कुठे गेला? आपण होऊन गेला, की त्याला पाठवलं गेलं? आणि पाठवलं असेल, तर कुणी?

पहिले फोटो फिलाडेल्फियाचे. शहराच्या एका टोकाला बायबेरी नावाच्या भागात सरकारी मनोरुग्णालय होतं. त्याचं अधिकृत नाव फिलाडेल्फिया स्टेट हॉस्पिटल, पण लोक बायबेरीच म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत काही तरुणांनी धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हाती घ्यायला नकार दिला. त्यांना सैन्याऐवजी दुसरी कामं दिली गेली. जवळजवळ तीन हजार तरुण अशा मनोरुग्णालयांत वॉर्डबॉय म्हणून लागले. चार्ल्स लॉर्ड हा त्यांतला एक, क्वेकर पंथाचा. तो बायबेरीत कामाला होता. त्याने एक छोटा कॅमेरा मिळवला, जाकिटात लपवून वॉर्डात नेला आणि कुणाचं लक्ष नसताना फोटो घेतले.

काय आहे त्या फोटोंत? मोठी, उघडीबोडकी खोली. बसायला बाक नाही, अंथरायला काही नाही. भिंतीच्या कडेने नागडे पुरुष. काही फरशीवर, काही गुडघ्यांत डोकं घालून. काही नुसतेच उभे. कडेला मळलेलं पाणी. तिरपं ऊन नाही, चौकटीची मांडणी नाही, पुष्कळदा फोकससुद्धा धड नाही. ६ मे १९४६ च्या 'लाइफ' साप्ताहिकात ते छापून आले, आणि युरोपातल्या छळछावण्यांचे फोटो नुकतेच पाहिलेल्या अमेरिकी वाचकांना ते पाहताना काय आठवलं असेल, हे मी सांगायला नको.

आता काळ पुढे न्या. बायबेरी १९९० साली बंद झालं. इमारती तशाच उभ्या राहिल्या. भंगारवाल्यांनी तांब्याचे नळ आणि वायरी काढून नेल्या, पोरांनी भिंतींवर स्प्रेने चित्रं काढली. आणि कॅमेरे घेऊन माणसं यायला लागली. बायबेरी हे या हौशी लोकांचं लाडकं ठिकाण झालं. २००६ साली इमारती पाडेपर्यंत तिथे असंख्य फोटो निघाले. देखणे फोटो. ऊन आहे, पोपडे आहेत, गंज आहे.

आवार तेच. वॉर्ड त्याच इस्पितळाचे. एका फोटोवरून नजर काढून घ्यावीशी वाटते, दुसऱ्यावर ती खिळून राहते. मी गेली कित्येक वर्षं या दोन फोटोंचा विचार करतो आहे. लॉर्डच्या फोटोत जे घडताना दिसतं, त्यातलं काहीच दुसऱ्या फोटोत उरलेलं नाही. माणसं निघून गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा त्रासही चौकटीबाहेर गेला. पाहणाऱ्याला मग भूतबंगल्याची गंमत तेवढी उरते. दुसरा फोटो काढणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याने जे समोर होतं तेच काढलं. पण समोर काय आहे हे कळायला समोर पूर्वी काय होतं हे ठाऊक असावं लागतं. कॅमेऱ्याला ते ठाऊक नसतं. कॅमेरा धरणाऱ्याने ते ठाऊक करून घ्यायचं असतं.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण म्हणतो, काळाने इमारत खाल्ली. काळ काहीही खात नाही. इमारत सोडली जाते, आणि ती सोडण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो.

घरचंच उदाहरण घ्या. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा आहे. तुमच्यातल्या अनेकांनी तो पाहिला असेल, त्याच्यासमोर फोटोही काढले असतील. ४६ मीटर उंच, अर्धा कापल्यासारखा. पाहणारा म्हणतो, केवढा पाऊस, केवढी वर्षं! पण हकिगत अशी आहे की पोर्तुगीज सरकारने १८३४ च्या सुमाराला धर्मसंघच बंद करण्याचा हुकूम काढला. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला. १८४२ साली चर्चची कमान खाली आली. दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा १९३१ मध्ये पडला. १६०२ च्या सुमाराला पूर्ण झालेलं हे चर्च दोनशेहून जास्त पावसाळे सोसून उभं होतं. माणसं गेल्यावर त्याला सात वर्षं पुरली. पाऊस तोच होता. पन्हळ साफ करणारा राहिला नव्हता.

पडक्या इमारतींचे फोटो नीट वाचायचे असतील तर ही पन्हळाची गोष्ट समजून घ्यायला हवी. इमारत बहुधा वरून खाली मरते. पन्हळात पाला अडकतो, पाणी तुंबतं, ते छपराच्या सांध्यातून आत शिरतं. वरच्या मजल्याची फळी फुगते, कुजते आणि एके दिवशी खालच्या मजल्यावर बसते. आपल्याकडे तेवढ्यात कठड्याच्या फटीत पिंपळ किंवा उंबर रुजलेला असतो. थंड देशांत आणखी एक गोष्ट होते. इमारत तापवणारा बॉयलर बंद केला की भिंतीतली ओल हिवाळ्यात गोठते, उन्हाळ्यात सुटते, आणि वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेले तैलरंगाचे थर गिलावा सोडून वळायला लागतात. आपल्याला सुंदर वाटणारे ते पोपडे हेच. त्यांचा आरंभ एका ठरावीक दिवसापासून होतो, ज्या दिवशी बॉयलर बंद झाला. त्या दिवसाच्या कागदावर सही असते. फोटो काढणाऱ्याने तो दिवस शोधावा, एवढंच माझं मागणं आहे.

अमेरिकेतल्या इस्पितळांचा तो दिवस शोधू या. १९५५ साली तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत ५ लाख ५८ हजारांहून जास्त माणसं होती. लाँग आयलंडवरच्या पिलग्रिम नावाच्या एका इस्पितळात त्या सुमाराला तेरा हजारांवर रुग्ण होते. तालुक्याच्या गावाएवढी वस्ती एका आवारात. १९९४ पर्यंत देशभरातला आकडा ७२ हजारांच्या आसपास आला. चाळीस वर्षांत हे कसं झालं? १९५४ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध तिथे वापरात आलं, ते एक कारण. 'लाइफ'मधल्यासारख्या फोटोंनी जनमत ढवळलं, ते दुसरं. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी एका कायद्यावर सही केली: मोठी इस्पितळं कमी करायची आणि गावोगावी छोटी उपचार केंद्रं काढायची. ठरली होती त्यांतली साधारण निम्मीच केंद्रं उभी राहिली. १९६५ मध्ये गरिबांच्या उपचारखर्चासाठी मेडिकेड ही सरकारी योजना आली. मनोरुग्णालयात असलेल्या प्रौढ रुग्णांसाठी तिचा पैसा मिळणार नव्हता, बाहेरच्या उपचारांसाठी मिळणार होता. मग राज्य सरकारं काय करणार? त्यांनी वॉर्ड रिकामे केले. म्हातारी माणसं नर्सिंग होममध्ये गेली. काही आपल्या घरी गेली आणि खरोखर सुखी झाली, हेही सांगितलं पाहिजे. पुष्कळशी रस्त्यावर आली, पुष्कळशी तुरुंगात गेली.

म्हणजे लॉर्डचे फोटो आणि ते पोपड्यांचे फोटो एकाच साखळीचे दुवे आहेत. भरलेल्या वॉर्डाचा फोटो पाहून लोक संतापले, आणि त्या संतापाचाही वॉर्ड रिकामे होण्यात वाटा आहे. रिकाम्या वॉर्डाचा फोटो पाहून कोण संतापतं? संतापायला काही आहे, हेच त्या फोटोतून कळत नाही.

कुणी ते कळेल असं काम केलं का? केलं. ख्रिस्तोफर पेन हा शिक्षणाने वास्तुविशारद. २००२ पासून सहा वर्षं तो अमेरिकेच्या ३० राज्यांतल्या ७० मनोरुग्णालयांत फिरला, बहुतेक ठिकाणी रीतसर परवानगी काढून. २००९ मध्ये त्याचं 'असायलम' हे पुस्तक आलं. त्यात इमारती आहेतच. थॉमस किर्कब्राइड या डॉक्टराने १८५४ मध्ये मनोरुग्णालय कसं बांधावं यावर पुस्तक लिहिलं होतं. मध्ये कचेरी, दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे वॉर्ड, प्रत्येक खोलीला वारा आणि ऊन. एका इस्पितळात अडीचशेच्या वर रुग्ण नकोत, असं त्याचं म्हणणं. त्या नकाशावर बांधलेल्या इस्पितळांत पुढे हजारो माणसं कोंबली गेली. पेनला ही गोष्ट ठाऊक आहे, म्हणून त्याच्या फोटोतल्या खिडक्या नुसत्या खिडक्या राहत नाहीत. त्या बांधणाऱ्याने कुणाला तरी ऊन मिळावं म्हणून काढल्या होत्या, हे तो आपल्याला विसरू देत नाही.

पण पेनचा जो फोटो मला सर्वांत मोठा वाटतो त्यात इमारत जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन रिव्हर इस्पितळात त्याला एक कपाट सापडलं. आत ओळीने हुक, प्रत्येक हुकाला एक टूथब्रश, आणि प्रत्येक हुकाशी रुग्णाच्या नावाची चिठ्ठी. बस्स. त्या कपाटात माणसं आहेत. रोज सकाळी कुणीतरी आपला हुक शोधत होतं. पेनने केशकर्तनालय, बोलिंग खेळायची जागा, नाटकाचं थिएटर, शेतीची अवजारं यांचेही फोटो काढले. या इस्पितळांची स्वतःची शेतं होती, कारखाने होते. अशा इस्पितळात काम केलेले डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांनी या पुस्तकासाठी निबंध लिहिला. त्यात ते इथली क्रूरता लपवत नाहीत, पण इथे काम, सोबत आणि आसराही मिळत असे, याची आठवण देतात. दोन्ही खरं आहे. आणि दोन्ही दाखवायला पेनला चौकटीत माणूस उभा करावा लागला नाही, हे फोटो काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

टूथब्रशवरच्या नावांवरून मी एका अवघड प्रश्नाकडे येतो. नावं सांगायची की झाकायची?

न्यूयॉर्क राज्यातच विलर्ड नावाचं मनोरुग्णालय होतं. १८६९ मध्ये सुरू झालं, १९९५ मध्ये बंद झालं. बंद होताना माळ्यावर सुमारे चारशे सुटकेसेस आणि पेट्या सापडल्या. रुग्ण दाखल होताना जे घेऊन आले ते. कपडे, पत्रं, शिवणाचं सामान, फोटो, सुऱ्याकाट्या. काही रुग्ण पुढे कधीच बाहेर पडले नाहीत, आणि त्यांची पेटी त्यांच्या मरणानंतरही माळ्यावर राहिली. जॉन क्रिस्पिन या छायाचित्रकाराने त्या एकेक करून उघडल्या आणि फोटो काढले. अतिशय मायेने काढलेले फोटो आहेत ते. पण राज्याच्या नियमामुळे त्याला आडनावं देता येत नाहीत. विलर्डच्या दफनभूमीत पाच हजारांवर माणसं पुरलेली आहेत, त्यांच्या कबरींवर फक्त आकडे होते. माणूस आजारी म्हणून आत आला, आणि त्याची बदनामी होऊ नये म्हणून मेल्यावरही त्याचं नाव कुलुपात. हे संरक्षण कुणाचं? त्या माणसाचं, की ज्यांनी त्याला तिथे ठेवलं त्यांचं?

ओरेगन राज्याने वेगळा रस्ता धरला. सेलम गावच्या सरकारी मनोरुग्णालयात एका खोलीत तांब्याचे साडेतीन हजारांच्या आसपास डबे होते. प्रत्येकात एका मृताची रक्षा, जी न्यायला कुणी आलं नव्हतं. डेव्हिड मायसेल याने त्या डब्यांचे फोटो काढले. ते 'लायब्ररी ऑफ डस्ट' या नावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ओलीने तांब्यावर हिरवे-निळे थर चढले होते, प्रत्येक डब्यावर निराळे. बायबेरीच्या पोपड्यांइतकेच सुंदर. मग फरक कुठे? त्या सुमाराला वृत्तपत्रांनी हा विषय धरून ठेवला. 'द ओरेगोनियन'च्या अग्रलेखांना २००६ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. राज्याने कायदा बदलून नावांची यादी जाहीर केली. नातवंडं, पणतवंडं पुढे आली आणि आपल्या माणसाची रक्षा घेऊन गेली. २०१४ मध्ये तिथे स्मारक झालं. फोटोतलं सौंदर्य आडवं आलं नाही. फोटो निनावी राहिला असता तर आलं असतं.

आणखी एकच फोटो सांगतो. न्यूयॉर्क बंदरातलं एलिस बेट. अमेरिकेत येणाऱ्या लाखो स्थलांतरितांची तपासणी इथे व्हायची, आणि आजारी ठरलेल्यांना बेटावरच्याच इस्पितळात ठेवायचे. उत्तरेकडची मुख्य इमारत दुरुस्त करून १९९० मध्ये तिचं संग्रहालय झालं. दक्षिणेकडचं इस्पितळ मात्र तसंच वेलींच्या स्वाधीन. स्टीफन विल्क्स तिथे पाच वर्षं जात राहिला आणि नैसर्गिक उजेडातच फोटो काढत राहिला. क्षयरोग्यांच्या एका खोलीत भिंतीला तोंड धुण्याचं भांडं आहे आणि वर आरसा. त्या आरशात खिडकीबाहेरचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. समुद्र ओलांडून आलेल्या कुणा बाईला सकाळी तोंड धुताना तो दिसत असेल. इस्पितळातून तिला परत पाठवलं असेल, तर तिने पाहिलेली अमेरिका एवढीच. विल्क्सने हे फोटो सरकारदरबारी दाखवले आणि त्या इमारती टिकवण्यासाठी साठ लाख डॉलर मंजूर झाले. फोटो काढणाऱ्याने आरशासमोर रुग्णाच्या जागी उभं राहून पाहिलं, म्हणून तो पुतळा त्याला दिसला.

याच्या उलट जे होतं, त्याबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते बोलताना मला राग येतो. फोटो सजवला जातो. चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यातमध्ये बालवाड्यांतल्या खाटांवर बाहुल्या मांडून ठेवलेल्या असतात. भेट देणाऱ्यांनी मांडलेल्या. तिथल्याच इस्पितळाच्या तळघरात, अणुभट्टीच्या स्फोटाच्या रात्री आग विझवायला गेलेल्या जवानांचे कपडे आहेत, आजही किरणोत्सारी. ज्या गावात हे आहे तिथे बाहुली मांडायची गरज कुणाला का वाटावी? हा रोग जुना आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले. काही महिन्यांनी, १८५८ मध्ये, फेलिस बीटो तिथे कॅमेरा घेऊन आला. त्याच्या प्रसिद्ध फोटोत मोडक्या इमारतीच्या पुढ्यात हाडं विखुरलेली आहेत. ती त्याने मुद्दाम मांडून घेतली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भारतातल्या भग्न वास्तूच्या पहिल्या गाजलेल्या फोटोंपैकी हा एक, आणि त्यात आपली माणसं सामान म्हणून वापरली आहेत.

आपण तरी काय केलं? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कुलाब्याची मुकेश मिल बंद पडली आणि शूटिंगची जागा झाली. गाणी, भुताचे सिनेमे, फॅशनचे फोटो. तिथेच चित्रित झालेलं 'हम' सिनेमातलं अमिताभ बच्चनचं गाणं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या भिंती मागे असताना किती जणांना साचे आठवले? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावच्या माणसांच्या तोंडून गिरणगावचा इतिहास पुस्तकात आणला. त्या पुस्तकातला माणूस आणि त्या भिंतीचा फोटो एकत्र आले असते, तर आपल्या मुलांना संप म्हणजे काय हे कळलं असतं.

आता शेवटचं, आणि हे काम आपल्या हातातलं आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली आपली सरकारी मनोरुग्णालयं चालू आहेत. ठाण्याचं १९०१ पासून आहे. जुन्या इमारती जातील, नव्या येतील, यायलाही हव्यात. पण त्या पडेपर्यंत कॅमेऱ्याने थांबायचं कशाला? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. रुग्णाचा चेहरा नकोच आहे आपल्याला. स्वयंपाकघर काढा. धोबीघाट काढा. ज्या खिडकीतून नातेवाईक भेटतात ती काढा. ज्या फाटकातून कुणी भेटायला येत नाही ते फाटक काढा. आणि फोटो काढायला जाताना तिथे आयुष्य काढलेल्या निवृत्त नर्सबाईंना, वॉर्डबॉयला, आचाऱ्याला बरोबर न्या. ही खोली कशाची, इथे कोण बसायचं, हे दार कधीपासून बंद आहे, ते विचारा आणि फोटोच्या पाठीमागे तारखेनिशी लिहून ठेवा. त्यांचं स्वतःचं नावही लिहा, त्यांना विचारून. बरे होऊन घरी गेलेल्यांपैकी कुणी आपण होऊन यायला तयार असेल, तर पहिला मान त्यांचा. कुठे उभं राहून फोटो घ्यायचा, हे त्यांना ठरवू द्या.

तुमच्या तालुक्याच्या गावी बंद पडलेला दवाखाना, क्षयरोग्यांचं जुनं आरोग्यधाम, मिशनचं इस्पितळ असेल. या सभागृहात असे निदान काही जण असतील ज्यांचा जन्म तिथला आहे, किंवा ज्यांची आई तिथे कामाला होती. व्याख्यान संपल्यावर मी दाराशी थांबणार आहे. मला त्या जागेचं नाव सांगा, ती कोणत्या वर्षी बंद झाली ते सांगा, आणि ठाऊक असेल तर कुणाच्या सहीने, तेही सांगा.